नो फ्रेश कम्प्लेंट्स

पहाटे साडेपाचच्या सुमाराला आयसीयूत जरा उसंत मिळते. सकाळचे ब्लड सॅम्पल गेलेले असतात, स्पंजिंग उरकत आलेलं असतं आणि आठच्या हँडओव्हरआधी नोट्स पुऱ्या करायच्या असतात. हात सवयीने लिहीत जातो. पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड. टेकिंग ओरली. व्हायटल्स स्टेबल. नो फ्रेश कम्प्लेंट्स. चौदा वर्षांत ही ओळ किती वेळा लिहिली असेल याची मोजदाद नाही. त्यातली एक मात्र अजून टोचते, म्हणून हे लिहायला बसले.

मी सांगली-मिरज पट्ट्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात काम करते. नाव सांगत नाही. इकडे चौकाचौकात हॉस्पिटल आहे, आणि मी सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने कुठेही दिसेल. पेशंटच्या खुणाही थोड्या बदलल्या आहेत. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडून जाड झालेलं, कधीतरी जॅकखाली सापडलेलं. डिझेलचा धूर आणि बिड्या या दोघांनी मिळून फुप्फुसं खाल्ली होती. घरी ऑक्सिजनचं मशीन होतं. पहिल्यांदा आमच्याकडे आले ते थंडीत. छाती भरली होती, कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगीत गेले होते. सहा नंबरच्या बेडवर, व्हेंटिलेटरवर, अकरा दिवस.

सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसं कायमची निकामी होत गेलेला पेशंट व्हेंटिलेटरवरून सोडवणं म्हणजे चिकाटीचं काम. झोपेचं औषध कमी केल्याशिवाय तो स्वतः श्वास घेत नाही, आणि औषध कमी केलं की जागा होऊन पहिला हात नळीकडे नेतो. आबा तर फार चपळ. तिसऱ्या रात्री त्यांनी नाकातून पोटात घातलेली रायल्स ट्यूब उपसली आणि लगेच तोंडातल्या नळीला हात घातला. त्या रात्री माझ्याकडे तीन पेशंट होते. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटला एक नर्स, हे आम्ही परीक्षेत लिहितो. मी रोलर बँडेज घेतलं, मनगटाला कापूस गुंडाळला आणि दोन्ही हात कॉटच्या रेलिंगला बांधले. बांधताना दोन बोटं आत जातील एवढी ढील ठेवायची असते, दर दोन तासांनी सोडून कातडी बघायची असते. बारा वाजता मी बघितलं. मग चार नंबरचा पेशंट बिघडला, क्रॅश कार्ट आली, आणि पुन्हा आबांकडे वळले तेव्हा सव्वाचार झाले होते. त्यांनी ओढून ओढून कापूस बाजूला सारला होता. मनगटावर लालजांभळ्या रेघा.

त्यांचे हात बांधायला परवानगी कुणी दिली होती? कागदावर त्यांच्या मुलाने. ॲडमिशनच्या वेळी खाली काउंटरवर जनरल कन्सेंटचा फॉर्म असतो, त्यावर पाच-सहा ठिकाणी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या असतात आणि नातेवाईक विचारतो, कुठं सही करू? तो फॉर्म वाचून सही केलेला माणूस मी अजून पाहिला नाही. आणि ज्याचे हात, त्याला तर कुणीच विचारलं नव्हतं.

अकराव्या दिवशी नळी निघाली. तेराव्या दिवशी सकाळी मी त्यांना चमच्याने नाचणीची पेज भरवत होते. आवाज अजून घोगरा होता.

"सिस्टर, माझं हात का बांधलं व्हतं?"

मी म्हटलं, "आबा, तुम्ही नळी काढली असती."

"मी काढतच व्हतो की."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. मनगट माझ्यापुढे धरलं, रेघा आता पिवळ्या पडल्या होत्या. म्हणाले, "बैलाला बी इतकं आवळून बांधत न्हाईत." थोडी पेज घेतली. मग म्हणाले, "पुन्यांदा ती नळी घालायची न्हाई. मेलो तर मेलो. ध्यानात ठेवा."

आणि मी काय म्हणाले? आपण सगळे जे म्हणतो तेच. "असं बोलू नये आबा. नातवाचं लग्न बघायचंय ना?" पुढचा चमचा तोंडाशी नेला. नोट्समध्ये लिहिलं, पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड, टेकिंग ओरली, नो फ्रेश कम्प्लेंट्स.

या ओळीकडे मी नंतर किती वेळा बघितलंय. पेशंट शुद्धीवर आहे, त्याला दिवस, जागा, माणसं कळतात, असं मीच लिहिलेलं. म्हणजे त्याचा नकार हा शहाण्या, सज्ञान माणसाचा नकार होता. उपचार नाकारायचा हक्क त्याला होता, आणि लिफ्टशेजारच्या भिंतीवर तो फ्रेम करून लावलेला होता. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेली रुग्ण हक्कांची सनद, सतरा हक्क. इन्स्पेक्शन आलं की मावशी त्या काचेवर कोलिन मारतात. त्याच्याखालून मी रोज दोनदा जायचे.

डिस्चार्जच्या दिवशी आबांना इन्हेलर कसा ओढायचा ते शिकवलं, बिडीबद्दल दम दिला, पंधरा दिवसांनी दाखवायला या म्हटलं. पुढच्या वेळी श्वास अडकला तर काय करायचं, हे कुणी विचारलं नाही. विचारायची वेळ तीच होती. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि अशी इच्छा आधी लिहून ठेवता येते असं सांगितलं, पण त्या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. कोण जाणार कोर्टात? जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते सोपं केलं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, झालं. तरी लिहितं कोण? गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं असं इच्छापत्र नोंदवलं, तर त्याची बातमी झाली. न्यायमूर्तींनी केलं तर बातमी होते, मग तासगावकडच्या निवृत्त मेकॅनिकला हे कोण सांगणार? मी सांगू शकले असते. माझ्या हातात तेव्हा चमचा होता.

आबा परत आले आषाढात. गावातल्या जीपमधून आणलं. कॅज्युअल्टीच्या दारातच हृदय थांबलं. खालच्या पोरांनी बावीस मिनिटं सीपीआर दिला, नळी घातली, हृदय चालू केलं. त्यांचं काही चुकलं नाही. हातात कागद नसताना कॅज्युअल्टीत सगळं करायचंच असतं, आणि मी तिथे असते तर मीही छाती दाबायला उभी राहिले असते. माझी संध्याकाळची ड्युटी होती. दोन नंबरवर नवा पेशंट घेतला, पल्स ऑक्सिमीटर लावायला बोट धरलं तर ते काळं नख.

आधीचं काहीच आठवलं नाही मला. फक्त तोंडातली नळी दिसली, बावीस सेंटीमीटरवर फिक्स केलेली, पांढऱ्या पट्टीने गालाला चिकटवलेली.

तीन दिवस गेले, झोपेचं औषध बंद होतं, तरी आबा उठले नाहीत. टोचलं तर हात आतल्या बाजूला वळायचे. अधूनमधून अंगाला झटके. मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. न्यूरोच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून सांगितलं की भान येण्याची आशा जवळपास नाही. पण ते ब्रेनडेड नव्हते. नातेवाइकांना हा फरक समजावताना दमछाक होते. बाहुल्या प्रकाशाला हलत होत्या, नळीतला कफ ओढून काढायला सक्शन केलं की खोकला यायचा, चेहरा लाल व्हायचा. ते बघून बाहेर आबांची मेहुणी म्हणायची, "बघा, दाजींना कळतंय." कुठल्या तोंडाने सांगायचं की हा खोकला मेंदूच्या खालच्या बुडख्यातून येतो, त्यात आबा नाहीत.

मुलगा चाकणच्या कंपनीतून रजा काढून आला होता. "सिस्टर, पैशाकडं बघू नका, सगळं करा." मुलगी गावातच दिलेली, बापाचं सगळं तीच करायची. ती भेटीच्या वेळात काही न बोलता पायांना तेल चोळायची.

चार दिवस मी कुणाला काही बोलले नाही. का, ते प्रामाणिकपणे सांगते. एक तर नोट्समध्ये नव्हतं. आमच्यात म्हणतात, लिहिलं नाही ते झालंच नाही. दुसरं, मी कोण? मुलाने उलट विचारलं असतं की आठ महिन्यांनी तुम्हाला बरं आठवलं, हॉस्पिटलला बेड मोकळा करायचाय का? तिसरी शंका जास्त खरी होती. माणूस अकरा दिवस नळीवर काढून उठलाय, हात दुखतायत, तोंड कडू झालंय, अशा वेळी तो एकदा म्हणाला 'मेलो तर मेलो', ते त्याचं ठरलेलं मत की त्या सकाळचा वैताग? किती पेशंट म्हणतात 'नको आता', आणि दुसऱ्या दिवशी विचारतात की डब्यात पिठलं चालेल का. मला आबांचं मत माहीत होतं की मला तेच हवं होतं, कारण ते झटके बघवत नव्हते?

आणि दर दोन तासांनी सक्शन. कॅथेटर आत जायचा, ते खोकायचे, चेहरा लाल व्हायचा. पंधरा सेकंदांच्या वर ठेवायचं नाही असा नियम आहे, मी आठ-दहालाच काढायचे. हात बांधायची या वेळी गरज नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळच्या राउंडनंतर मी आयसीयूच्या मुख्य डॉक्टरांना, इंटेन्सिव्हिस्ट सरांना बाजूला घेऊन सांगितलं. पेज, बैल, नळी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "फाईलमध्ये आहे?" मी मान हलवली. ते म्हणाले, "आता लिहा. आजची तारीख, आजची वेळ घालून. तेव्हा ऐकलं होतं, आज लिहितेय, असंच लिहा." जुन्या पानावर ओळ घुसडायची नाही, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. मी अर्धं पान मराठीत लिहिलं. आबांची वाक्यं मला इंग्रजीत करता येईनात.

अशा पेशंटचं इकडे एरवी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कायद्याची वाट कुणी धरत नाही. नातेवाईक थकतात, पैसे संपतात, मग एक दिवस म्हणतात, घरी नेतो. फाईलवर डामा लागतं, डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस. म्हणजे कागदावर डॉक्टर नको म्हणत होते आणि नातेवाइकांनी हट्टाने नेलं. खरं म्हणजे दोघांनाही तेच हवं असतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका आजींना सोडायला मी ॲम्ब्युलन्समधून जत तालुक्यात गेले होते. दीड-पावणेदोन तास अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबत. घरी पोचलो तर अंगणात सतरंजी टाकलेली, दीडशे माणसं, लहान पोरं झाडावर चढलेली. थोरल्या मुलाने विचारलं, "काढायची का?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टर सोबत नव्हता. वेदनेचं औषध नव्हतं. मी नळी काढली. आजी दहाएक मिनिटं तोंड उघडून श्वास ओढत राहिल्या, तो आवाज सगळ्या अंगणाने ऐकला. परतीच्या वाटेवर ड्रायव्हरने कवठेमहांकाळला चहाला गाडी थांबवली. माझ्या हाताला मुंग्या येत होत्या, कप धरवेना.

त्या दिवशी जे केलं त्याला कायद्यात काय म्हणतात ते मी कधी विचारलं नाही.

म्हणून सर म्हणाले की या वेळी सरळ वाटेने जाऊ, तेव्हा मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. आमच्या हॉस्पिटलात हे आधी कुणी केलेलं नव्हतं. सहाव्या दिवशी फॅमिली मीटिंग. सरांनी मलाही बसायला सांगितलं. मीटिंगमध्ये नर्स बसत नाही, ती चहा सांगायला आत येते. मुलगा, सून, मुलगी, मेहुणी, गावातले एक माजी सरपंच. सरांनी आजार समजावला, मग म्हणाले, "आबांनी सिस्टरांना काही सांगितलं होतं, ते ऐका." मी सांगितलं. बैलाचं वाक्य गाळलं.

मुलगा म्हणाला, "तुम्ही कोण हे सांगणाऱ्या?" आवाज चढवून नाही, खरंच विचारल्यासारखा.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात मुलगी जमिनीकडे बघत बोलली, "मला बी म्हणालं व्हतं. दोनदा. म्हणालं, मला आता मिरजंला न्यायचं न्हाई." भाऊ तिच्याकडे बघत राहिला. "मग बोलली का नाहीस?" "मी बोलले असते तर म्हणाला असतास, हिला सेवेचा कंटाळा आला." सरपंच खाकरले. दोन एकर द्राक्षबाग होती, तिचं नाव कुणी काढलं नाही, पण खोलीत ती होतीच.

त्या रात्री ड्युटीवर मला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या सिस्टर आठवत होत्या. आमच्या शिकवणाऱ्या ट्यूटर तिथल्याच नर्स अरुणा शानबागची गोष्ट सांगताना दरवेळी उभ्या राहायच्या. १९७३ च्या नोव्हेंबरात तिच्यावर हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनियाने ती गेली. बेचाळीस वर्षं. तिला जाऊ द्यावं म्हणून पत्रकार पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि केईएमच्या नर्स म्हणाल्या, आम्ही सांभाळतो, ती आमची आहे. २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रोज सांभाळणाऱ्या माणसांचा. इतक्या वर्षांत अंगावर एक बेडसोर नाही, याचंही निकालात कौतुक आहे. बेडसोर होऊ न देणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसाचे बारा वेळा, बेचाळीस वर्षं.

शिकताना मला त्या नर्स म्हणजे देवच वाटायच्या. अजूनही मान खाली जाते. पण त्या रात्री वाटलं, त्यांनी हात धरून ठेवला आणि मी हात सोडवा म्हणतेय, आणि दोघींचं म्हणणं एकच आहे की आम्ही जवळ होतो. जवळ असणं पुरतं का? अरुणाने कुणाला काही सांगून ठेवलेलं नव्हतं. आबांनी सांगितलं होतं. हा फरक धरून मी सकाळपर्यंत बसले. तो पुरेसा आहे असं छातीठोक म्हणवत नाही.

मुलाला दोन दिवस लागले. तो येऊन नुसता बेडजवळ उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, "गाव म्हणेल पोरानं बापाचं मशीन बंद केलं." मी म्हटलं, "गाव इथं सक्शन करायला येत नाही." नंतर वाईट वाटलं, पण तो थोडा हसला.

मग कागद. लेखी इच्छापत्र नसलेल्या पेशंटसाठीही न्यायालयाने रीत घालून दिली आहे. आधी प्राथमिक मंडळ, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे आणखी दोन तज्ज्ञ. मग दुय्यम मंडळ, त्यात दोन वेगळे तज्ज्ञ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. दोन्हींनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. घरच्यांची लेखी संमती घ्यायची. अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. पूर्वी त्यांनी येऊन बघायची अट होती, आता नुसतं कळवायचं. मंडळांनी नाही म्हटलं तर घरच्यांना उच्च न्यायालयात जाता येतं.

वाचायला हे चार ओळींचं आहे. मुख्य वैद्यकीय अधिकारी म्हणजे आपल्याकडे नक्की कोण, यावरच अडीच दिवस गेले. आमचा प्रशासनातला माणूस पत्र घेऊन एका कार्यालयात गेला, त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी विचारलं की हे कुठल्या योजनेखाली येतं. मध्ये रविवार आला. शेवटी एक डॉक्टर आले, वयस्कर, शांत. चाळीस मिनिटं आबांना तपासलं, सगळी फाईल वाचली. माझं अर्धं पान त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलं?" बस एवढंच. कोर्टात पत्र द्यायला गेलेल्या माणसाला तिथल्या कारकुनाने विचारलं, "केस नंबर काय?" केस नाही, नुसतं कळवायचंय, हे पटवण्यात त्याची सकाळ गेली. दुपारी आवक शिक्का मारलेली पोच घेऊन तो आला, तेव्हा लढाई जिंकल्यासारखी आम्ही ती पोच बघितली.

फॉर्म हॉस्पिटलात नव्हताच. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं पुढे ठेवून सरांनी तो तयार केला. त्यात डॉक्टरांच्या सह्यांना जागा होती, नातेवाइकांना होती. नर्सला नव्हती. ते सरांच्याही लक्षात आलं नाही, टाईप झाल्यावर मला दिसलं. मी 'साक्षीदार २' च्या रेघेवर सही केली.

तारीख ठरली तशी आमच्यातच कुजबुज सुरू झाली. केरळची एक सिस्टर आहे, माझ्याहून हुशार, हात असा की शीर चुकत नाही. ती म्हणाली, "चेची (ताई), मला त्या दिवशी त्या बेडला लावू नका. मी प्रार्थना करेन, पण मी नाही करू शकत." इनचार्जबाई आधी चिडल्या, ड्युटी म्हणजे ड्युटी. सर म्हणाले की तिचंही मन आहे, बदलून द्या. रोस्टर बदललं. मला त्या मुलीचा राग आला नाही. पेशंटचा नकार मानायचा आणि नर्सचा मानायचा नाही, हे कसं चालेल?

चौदाव्या दिवशी सकाळी आबांची दाढी केली. नखं कापली, काळं नख कापताना नेहमीसारखंच नेलकटर घसरलं. बेड कोपऱ्यात, खिडकीकडे घेतला, पडदे ओढले. भेटीची वेळ वगैरे सगळं बाजूला ठेवून चार जणांना आत घेतलं. मॉनिटरचे अलार्म बंद केले, बेडजवळचा स्क्रीन काळा केला, मी सेंट्रल स्टेशनवर बघणार होते. पंपावर मॉर्फिन लावलं. सगळं बंद करायचं म्हणजे सेवा बंद, असं लोकांना वाटतं. रक्तदाब टिकवणारं नॉरॲड बंद केलं, अँटिबायोटिक आधीच थांबलं होतं. मॉर्फिन, छातीतली घरघर कमी करायचं इंजेक्शन, तोंडाची निगा, कूस बदलणं चालूच. खरं तर त्या दिवशी मी आबांजवळ जेवढी होते तेवढी आधी कधीच नव्हते. त्या दिवशी माझ्याकडे एकच पेशंट होता.

सरांनी व्हेंटिलेटरचा आधार टप्प्याटप्प्याने कमी केला, प्रत्येक टप्प्याला थांबून श्वास बघितला, मॉर्फिन थोडं वाढवायला सांगितलं. मग म्हणाले, "नळी मी काढतो." मी टेप सोडवली. गालावर पट्टीचा पांढरा चौकोन उमटला होता. नळी निघाली, मी तोंड पुसलं आणि चौदा दिवसांनी आबांचं तोंड मिटलं.

मेहुणीने पदराआडून गंगाजलाची छोटी कुपी आणि तुळशीचं पान काढलं, माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे पाटी असते, तोंडाने काही देऊ नये. मी कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब घेऊन ओठांवरून फिरवले आणि पान ओठाच्या कोपऱ्यात ठेवलं. ते कुठे नोंदवलं नाही, आता इथे नोंदवते.

आबा सहा तास चाळीस मिनिटं राहिले. श्वास आधी भराभर, मग लांब लांब. जतच्या अंगणातला आवाज मी कान देऊन शोधत होते, तो आला नाही. मुलगी पाय चोळत होती. मुलगा बराच वेळ डाव्या मनगटावर हात ठेवून बसला होता, जिथे त्या रेघा होत्या. त्याला माहीत नव्हतं. शेवटचा श्वास कुठला ते आम्हाला कुणालाच कळलं नाही, पुढच्याची वाट बघत बसलो आणि तो आला नाही.

मावशी आणि मी मिळून अंग पुसलं, धोतर नेसवलं. नंतर मुलाला सामान द्यायचं होतं. चष्मा एक, कवळी एक, करगोटा एक, चांदीची अंगठी एक. रजिस्टर पुढे केलं. तो पेन हातात घेऊन थांबला आणि म्हणाला, "सिस्टर, त्या वेळी ते आणखी काही बोलले होते का?"

मीटिंगमध्ये गाळलेलं वाक्य मी सांगितलं. हात मी बांधले होते हेही सांगितलं, बारा ते सव्वाचार बघितलं नाही हेही.

तो बराच वेळ रजिस्टरकडे बघत राहिला. मग पेनचं टोपण काढून म्हणाला, "कुठं सही करू?"